मशीन स्वस्त मिळतंय, पण का?

पत्राचा सारांश : सांगलीच्या गावभागातून छत्तीस वर्षांच्या एका वाचकांनी लिहिलं आहे. वडिलांनी चौतीस वर्षांपूर्वी सुरू केलेली लाँड्री आता ते सांभाळतात. खाली दुकान, वर बिऱ्हाड. साड्या, कोट, शेरवानी ते ‘पेट्रोल वॉश’ करून देतात. त्यासाठी महिन्याला साठेक लिटर एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन ऑइल, लागतं. धुलाईच्या टबावर वडिलांच्या वेळचे एक कामगार आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. विश्रामबागेत काचेचं चकचकीत दुकान उघडल्यापासून गिऱ्हाईक तुटायला लागलंय. मुंबईच्या एका दलालाने परदेशातून आलेलं पर्क्लोरोचं, म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या एका द्रावणावर चालणारं, जुनं मशीन साडेपाच लाखांत देऊ केलंय. बायकोने इंटरनेटवर वाचून ठणकावलं, ‘ते मशीन दारात आलं, तर मी बाळाला घेऊन मिरजेला माहेरी जाईन.’ वडील म्हणतात, ‘चौतीस वर्षं हेच केलं, मला काय झालं?’ वाचकांचा प्रश्न असा : ‘ताई, आपल्याकडे पर्क्लोरोवर बंदी नाही. मग मी कशाला घाबरू? आणि बायकोला कसं समजवू?’

नमस्कार,

तुमचा दुसरा प्रश्न आधी निकालात काढते. बायकोला समजवण्यासारखं काही नाही, कारण त्या निम्म्या बरोबर आहेत. कुठल्या निम्म्यात चुकतायत तेही सांगते, पण ते ऐकून तुम्हाला आनंद होईल असं वाटत नाही.

मशीनपासून सुरुवात करू. साडेपाच लाखांत ड्रायक्लीनिंगचं मशीन मिळतंय, तर दलालाला दोन गोष्टी विचारा : हे कुठल्या देशात चालत होतं, आणि तिथे कुठल्या वर्षी बंद झालं? उत्तर देताना तो चाचरला, तर का ते समजून घ्या. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये नियम केला. २००८ पासून नवं पर्क, म्हणजे पर्क्लोरोचं, मशीन बसवायचं नाही, आणि १ जानेवारी २०२३ पासून जुनंही चालवायचं नाही. फ्रान्सने राहत्या घरांना लागून असलेल्या दुकानांतून ही मशीनं टप्प्याटप्प्याने हटवायला लावली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००६ मध्येच ठरवलं होतं, की ज्या इमारतीत माणसं राहतात तिथली पर्क मशीनं डिसेंबर २०२० पर्यंत निघाली पाहिजेत. त्याच संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला पर्कचा वापर दहा वर्षांत संपवायचा नियम काढला. एवढी मशीनं निघाली, ती सगळीच भंगारात गेली असतील का? तुमचं मशीन त्यांतलंच आहे असं मी म्हणत नाही. दोन प्रश्न विचारून खात्री करा, एवढंच.

आणि हे लक्षात घ्या : त्या नियमांनी सगळ्यांत आधी कोणती दुकानं उचलली? खाली दुकान, वर बिऱ्हाड असलेली. म्हणजे तुमच्यासारखीच.

पर्कवर उगाच आग पाखडायची नाही मला. टेट्राक्लोरोइथिलीन, पर्क्लोरोइथिलीन, पर्क, पर्क्लोरो, नावं कितीही घ्या, वस्तू एकच. तेलकट डाग ते सुरेख काढतं, पेट घेत नाही, १२१ अंशांना उकळतं, त्यामुळे ऊर्ध्वपातन करून पुन्हापुन्हा वापरता येतं. म्हणूनच जगभर ते इतकं रुजलं. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला गट २ए मध्ये, म्हणजे ‘माणसाला बहुधा कर्करोगकारक’ पदार्थांत ठेवलंय. यकृत, मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेवरचे परिणाम वेगळेच. नवं, घट्ट बंद होणारं मशीन वाफ बरीचशी आत कोंडून ठेवतं. जुन्या मशीनच्या दाराचं गॅस्केट मात्र झिजलेलं असतं, आणि ते बदलायला सांगलीत मिस्त्री कुठून आणणार? वाफ हवेपेक्षा पाचपटीहून जड असते. ती जमिनीलगत साचते, जिना, बोळ, फरशीच्या भेगा शोधत जाते. गोडसर वास येतो, पण थोड्या वेळाने नाक त्याला सरावतं. ‘आता वास येत नाही’ म्हणजे वाफ गेली, असं समजू नका.

आता ‘बंदी नाही’ या वाक्याकडे वळते, कारण तुमचं सगळं पत्र त्या एका खुंटीवर टांगलेलं आहे.

आपल्याकडे छोट्या ड्रायक्लीनिंगवाल्याला सरळ लागू पडेल असा नियम शोधायला गेलात, तर हाती तुकडेच लागतात. एमटीओ पेट्रोलियम कायद्यातल्या ‘ब’ वर्गात बसतं. हा कायदा १९३४ चा आणि तो बघणारी संस्था म्हणजे नागपूरची पेसो. पण ‘ब’ वर्गाचं एकूण २५०० लिटरपर्यंत साठवायला परवाना लागत नाही, आणि तुमच्याकडे असतं जेमतेम पिंपभर. कारखान्याचा कायदा लागू व्हायला जेवढी माणसं लागतात, तेवढी तुमच्याकडे नाहीत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात तुमच्याइतकी थोडी माणसं असतील तर नुसतं कळवलं की झालं. तुम्ही इतके छोटे आहात, की नियमांच्या जाळीतून अलगद खाली पडता. याचा अर्थ धोका छोटा आहे असा होत नाही. कुणी मोजायला येत नाही, एवढाच होतो.

मात्र एका जाळीतून तुम्ही सुटत नाही. पत्रात मध्येच, कंसात टाकल्यासारखं एक वाक्य आहे : ‘टबातला गाळ मागच्या बोळात गटारापाशी ओततो, सगळेच ओततात.’ वापरून खराब झालेलं द्रावण आणि त्याचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गटारात, विहिरीत किंवा जमिनीवर विषारी पदार्थ सोडायला १९७४ च्या पाण्याच्या कायद्याने मनाई आहे. म्हणजे जे मशीन घ्यावं की न घ्यावं म्हणून तुमची झोप उडालीय त्याला इथे बंदी नाही, आणि जे तुम्ही दर आठवड्याला निवांत करता ते बेकायदा आहे.

तुमच्या बायकोचं निम्मं चुकतं ते इथे. त्यांना नव्या मशीनची भीती वाटते, पण आजचा टब चालतो. वास्तविक पहिली चिंता टबाची करायला हवी.

एक हिशेब सांगते, त्याला कॅलक्युलेटरही लागत नाही. महिन्याला साठ लिटर एमटीओ आणता. महिनाअखेर पिंप रिकामं. मग साठ लिटर गेलं कुठं? गिऱ्हाइकाला तुम्ही कोरडा कोट देता. थोडं गाळातून बोळात गेलं. बाकीचं? तुम्हीच लिहिलंय, टबातून काढलेले कपडे पिळून गच्चीवर दोरीला घालता. म्हणजे दर महिन्याला तेवढं द्रावण तुमच्या गच्चीवरून, तुमच्या जिन्यातून, मामांच्या छातीतून जातं. आणि त्याच गच्चीवर संध्याकाळी बाळ तिचाकी चालवतं, हेही तुम्हीच लिहिलंय, कौतुकाने.

वडिलांना काही झालं नाही, हे मला पटतं. ते गल्ल्यावर बसत होते. टबावर कोण होतं? मामांबद्दल पत्रात तीन ओळी आहेत : हात भेगाळलेले, दुपारनंतर डोकं चढतं, सुट्टीच्या दिवशी बरं असतं. सुट्टीला जे दुखणं पळतं ते बहुतेक वेळा कामाच्या जागी राहत असतं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. मामांना या आठवड्यात घेऊन जा आणि डॉक्टरांना नुसतं ‘डोकं दुखतं’ सांगू नका. ‘हे तीस वर्षं एमटीओमध्ये हात घालून काम करतात’ असं सांगा आणि डब्याच्या लेबलचा फोटो दाखवा. यकृत, मूत्रपिंडाच्या तपासण्या करायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. पैसे तुम्ही द्या, हे सांगायला नको.

टबाजवळच एक छोटी बाटली असेल. सगळ्या जुन्या लाँड्र्यांत असते, हट्टी डाग काढायची, बिनलेबलची. तिच्यात काय आहे ते आणणाऱ्याला विचारा. ट्रायक्लोरोइथिलीन असेल तर तो विषय पर्कपेक्षाही गंभीर आहे. तो ‘बहुधा’च्या नाही, नक्की कर्करोगकारकांच्या गट १ मध्ये आहे. आणि कधी एमटीओ संपलं म्हणून पंपावरचं पेट्रोल आणत असाल, तर ते आजपासून बंद. त्यात बेंझीन असतं, तेही गट १ मधलंच, आणि थंडीच्या रात्रीसुद्धा ते पेट घ्यायला तयार असतं. एमटीओ त्या मानाने सोशिक, पण त्याचा फ्लॅश पॉइंटही, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, चाळीस अंशांच्या आतबाहेरच. एप्रिल-मेमधल्या सांगलीच्या दुपारी पत्र्याखाली किती असतं? त्यात तुमच्याकडे दारात कोळशाची इस्त्री चालते. ती आधी हलवा. पर्क पेट घेत नाही म्हणून तिथे इस्त्री चालेल, असंही मनात आणू नका. पर्कची वाफ निखाऱ्यावर गेली तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, आणि तो साधासुधा नव्हे.

पुराबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, याचं मला नवल वाटलं. गावभागातला माणूस! कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. आपण सगळ्यांनी रात्रीतून गाद्या, टीव्ही, धान्याचे डबे माडीवर चढवले. पर्क पाण्याच्या १.६ पट जड असतं. दोनशे लिटरचं पिंप म्हणजे सव्वातीनशे किलो. ते कोण चढवणार? मशीनची टाकी तर जागची हलतच नाही. एमटीओ सांडलं तर पाण्यावर तवंग होऊन पसरतं, निदान दिसतं तरी. पर्क तळाशी जातं, मातीत उतरतं, भूजलाच्याही खाली जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं झिरपत राहतं. तुमच्या वाड्यात मागे आड असेल, शेजाऱ्यांची बोअर असेल. इतर देशांत जुन्या ड्रायक्लीनर्सच्या जागांखालचं पाणी साफ करायला आजही पैसा ओतावा लागतो. तुमचं दुकान डोंगरावर असतं तर मी कदाचित इतकी ठाम बोलले नसते. नदीकाठी, पूररेषेत, घराखाली जुनं पर्क मशीन? मी घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

पण मग दुसरं कुठलं द्रावण, असं लगेच विचाराल, म्हणून थांबवते. या धंद्याचा इतिहास म्हणजे एका द्रावणाच्या पाठीवर दुसरं. पेट्रोलने आगी लागायच्या, म्हणून न जळणारं कार्बन टेट्राक्लोराइड आलं. मी रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा प्रयोगशाळेत त्याची मोठी बाटली असायची आणि आम्ही त्यात बोळा बुडवून टेबलावरचे ग्रीसचे डाग पुसायचो, तोंडाने गप्पा चालू ठेवून. त्याने यकृत जातं हे पुस्तकात शिकवायचो तेही आम्हीच. ओझोनच्या थराला ते भोकं पाडतं म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली भारतात २०१० पासून असा वापर थांबला. त्याआधीच त्याची जागा पर्कने घेतली होती. आता पर्क जातंय तर सिलोक्झेनवाली द्रावणं आली, आणि युरोपने २०२४ मध्ये त्यांच्यावरही बंधनं घातली. म्हणून कुणी ‘ग्रीन’, ‘ऑरगॅनिक’ म्हणून डबा दाखवला तर सुरक्षा पत्रक मागा. ‘ऑरगॅनिक’ हा शब्द रसायनशास्त्रात पेट्रोललाही लागू पडतो!

तुम्ही द्रावण कुठलं असं विचारत राहिलात, तर दर दहा वर्षांनी हेच पत्र लिहावं लागेल. द्रावण लागतंच किती, हे आधी बघा. पंधरा दिवस एक वही ठेवा. येणारा प्रत्येक कपडा लिहा : कापड कुठलं, डाग कसला, आणि द्रावणात का घातला. माझा अंदाज आहे की निम्म्याच्या आसपास कपडे केवळ सवयीने टबात जातात. पॉलिस्टरचा कोट, भाड्याच्या शेरवान्या, सिंथेटिक साड्या, ब्लँकेटं, पडदे. यांतल्या बऱ्याच गोष्टी वेट क्लीनिंगने, म्हणजे बेतशीर तापमानाच्या पाण्यात, सौम्य डिटर्जंटने, कमी घुसळून आणि जपून वाळवून होतात. घामाचे, सरबताचे, आमटीचे डाग तर पाण्यालाच दाद देतात, एमटीओला मुळीच नाही. पंगतीतून आलेला कोट टबात घातला, की तेल निघतं आणि आमटीचा पिवळा डाग तसाच राहतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल.

लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते, जरीच्या रेशमी साडीचा रंग फुटतो, हे खरं. पैठणी, कांजीवरम, अस्तर लावलेला लोकरीचा सूट, हे द्रावणातच जाऊ द्या. माझा स्वतःचा शालू एका दुकानाने हौसेने पाण्यात घातला होता. काठाचा हिरवा पदरभर झाला, आणि मी अजून तो कपाटातून बाहेर काढत नाही.

आता वाटा. टब तसाच ठेवणं ही एक. ती मी बादच करते. दुसरी, नवं, घट्ट बंद होणारं हायड्रोकार्बन मशीन, म्हणजे पेट्रोलियमच्या जातीच्या, पण साठ अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेल्या द्रावणावर चालणारं. मुद्रा योजनेच्या तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळतं, पण मशीनला पुरेसे कपडे आहेत का हे वही सांगेल, हौस नाही. आणि घ्यायचंच झालं तर वर घर असलेल्या, पुरात बुडणाऱ्या जागेत नको. तिसरी वाट मला आज तुमच्यासाठी बरी दिसते : दुकानात फक्त वेट क्लीनिंग, इस्त्री, रोल प्रेस ठेवा आणि खरोखर द्रावणात जायलाच हवेत ते कपडे आठवड्यातून दोनदा कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या अशा प्लांटला पाठवा, ज्यांचं मशीन घट्ट बंद होणारं आहे आणि गाळाचं काय होतं ते जे कागदावर दाखवतात. तुम्ही म्हणाल, हा तर त्रास दुसऱ्याच्या दारात ढकलणं झालं. थोडं आहे तसं. पण तुमच्या गच्चीवरच्या दोरीपेक्षा तसं मशीन निश्चित बरं, आणि पाठवायचे कपडेही कमी झालेले असतील. नफ्याचा वाटा सुटेल, हेही खरं. साडेपाच लाखांचा हप्ता मात्र वाचेल. विश्रामबागेतल्या काचेच्या दुकानाशी टक्कर जुन्या मशीनने होत नाही. ‘तुमचा कपडा कशात धुतला’ हे पावतीवर लिहून द्यायला लागा, ते मात्र गिऱ्हाईक वाचेल.

तोवर, म्हणजे हे सगळं जमेपर्यंत : टबाला घट्ट झाकण. नायट्राइलचे हातमोजे, कारण मेडिकलमधले पातळ रबरी मोजे एमटीओत फुगतात. तोंडाला बांधलेल्या फडक्याने वाफ अडत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क मिळतो. पंखा लावायचा तो जमिनीलगत, कारण वाफ खाली बसते, आणि मोटर फ्लेमप्रूफ हवी, नाहीतर पंख्याचीच ठिणगी पडायची. गाळ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा, वर तारीख लिहा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या उप-प्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज करा, की एवढा गाळ निघतो, तो कुठे द्यायचा आणि मला संमतिपत्र लागतं का. अशा कचऱ्याची सामाईक सोय पुण्याजवळ रांजणगावला आहे. एकट्याच्या डब्यासाठी गाडी येणार नाही, पण गावातल्या आठदहा लाँड्रीवाल्यांनी मिळून विचारलं तर बोलणं होऊ शकतं. ‘सगळेच ओततात’ ना? मग सगळ्यांनाच बोलवा. अर्जाने आपण नजरेत येऊ अशी भीती वाटेल, पण दाराशी आलेल्या तक्रारीपेक्षा आपण होऊन केलेला अर्ज केव्हाही चांगला.

इतर वाचकांना, म्हणजे आम्हा गिऱ्हाइकांनाही थोडं. ड्रायक्लीनहून आलेल्या कपड्याला वास असेल तर तो परत द्या, ‘नीट वाळला नाही’ म्हणून. घरी आणल्यावर प्लास्टिक काढा आणि दिवसभर गॅलरीत टांगा, मगच कपाटात. ज्यांच्या खाली अशी लाँड्री आहे त्यांनी आधी दुकानदाराशी बोलावं, कारण बऱ्याचदा त्यालाही नीट माहीत नसतं. दोन महिन्यांत काही हललं नाही, तर मंडळाकडे लेखी तक्रार करावी, वास कधी आणि किती वाजता येतो याच्या नोंदीसकट.

वडिलांशी कसं बोलायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घोडं तिथे अडेल. त्यांना ‘तुम्ही चूक केलीत’ असं म्हणू नका. एमटीओ त्यांच्या काळी पेट्रोलपेक्षा शहाणपणाचंच होतं. वहीचं काम त्यांच्याकडे द्या. चौतीस वर्षं कपडा हातात घेऊन कापड ओळखणारा माणूस आहे तो, कुठला कपडा पाण्यात टिकेल हे त्यांच्याइतकं अचूक तुम्हाला सांगता येणार नाही.

दलालाला आज फोन करून नाही म्हणा, आगाऊ रक्कम दिली असेल तर ती मागा. आणि गच्चीवरची दोरी आजच काढा. तोवर कपडे मागच्या मोकळ्या पडवीत वाळवा, इस्त्रीपासून लांब. तिचाकी गच्चीवरच राहू दे.